हिशेबानं मिळालेली उंची

ॲमस्टरडॅममध्ये वॉटरलूप्लेन मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की चार पावलांवर मेस्टर व्हिसरप्लेन हा चौक लागतो. चौक काही देखणा नाही. ट्राम, सायकली आणि मोटारी एकमेकांना चुकवत धावत असतात आणि या गडबडीच्या कडेला विटांची एक भलीमोठी चौकोनी इमारत उभी असते. तिला मनोरा नाही, घुमट नाही, दर्शनी भागावर कोरीवकामही जवळजवळ नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते एखाद्या जुन्या डच व्यापाऱ्याचं गोदाम वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. हेच पोर्तुगीज ज्यूंचं सिनेगॉग. स्थानिक नाव एस्नोगा. २ ऑगस्ट १६७५ रोजी त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा युरोपात त्याच्या तोडीचं दुसरं सिनेगॉग शोधावं लागलं असतं. प्रवासी मार्गदर्शिका त्याची ओळख ‘डच सहिष्णुतेचं प्रतीक’ अशी करून देतात आणि पुढच्या कालव्याकडे वळतात. ही ओळख अगदीच खोटी नाही, पण ती फार सोपी आहे. इमारत नीट पाहिली आणि तिच्या आधीची साठ-सत्तर वर्षं डोळ्यांपुढे ठेवली, तर सहिष्णुतेपेक्षा एक व्यवहार दिसू लागतो. शहरानं काय दिलं, बदल्यात काय घेतलं आणि ज्यू पुढाऱ्यांनी तो व्यवहार सांभाळण्यासाठी आपल्याच माणसांकडून काय वसूल केलं, ते या इमारतीच्या उंचीवरून, आराखड्यावरून आणि लाकडावरूनसुद्धा वाचता येतं.

या लोकांना पोर्तुगीज का म्हणतात, तिथपासून सुरुवात करावी लागेल. १४९२ मध्ये स्पेननं आपल्या ज्यूंना हाकललं. त्यातले बरेचसे शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले आणि १४९७ मध्ये तिथं त्यांचा सक्तीनं बाप्तिस्मा झाला. कागदोपत्री ते ‘नवख्रिस्ती’ झाले. घरात कोण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतो, कोण डुकराचं मांस टाळतो, याची चौकशी करायला १५३६ पासून पोर्तुगालात इन्क्विझिशन बसलं. त्याची एक शाखा १५६० मध्ये गोव्यात आली. वनस्पती आणि औषधींवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच नवख्रिस्ती घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळण्यात आली. जुन्या गोव्यात ज्या यंत्रणेनं हे केलं, तिच्याच लिस्बनमधल्या मूळ शाखेपासून पळालेली माणसं १५९० च्या दशकात उत्तरेला ॲमस्टरडॅममध्ये उतरू लागली. चार-पाच पिढ्या ख्रिस्ती म्हणून जगलेली ही माणसं. त्यांना प्रार्थनेची हिब्रू भाषा येत नव्हती, सुंता झालेली नव्हती, आणि सिनेगॉग आतून कसं असतं हे बहुतेकांनी कधी पाहिलंही नव्हतं. शिवाय डच प्रजासत्ताकाचं स्पेनशी युद्ध चालू असल्यानं स्वतःला स्पॅनिश म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं. तेव्हा ‘पोर्तुगीज राष्ट्राचे व्यापारी’ ही ओळख सोयीची ठरली आणि ती कायमची चिकटली.

ॲमस्टरडॅमनं त्यांना मिठी मारली असं मात्र झालं नाही. १६१२ मध्ये त्यांच्यातल्या एका मंडळीनं एका डच सुताराला प्रार्थनागृह बांधायचं काम दिलं. करारात शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत काम बंद ठेवायची अटही होती. कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशकांनी ओरड केली आणि नगरपरिषदेनं तिथं पूजाअर्चा करायला बंदी घातली. मग एका डच नगरसेवकानं ती जागा आपल्या नावावर घेतली आणि तीच ज्यूंना भाड्यानं दिली. कायदा राहिला, कामही झालं आणि भाडंही मिळालं. पुढची पन्नास वर्षं त्या शहराचा कारभार ज्या रीतीनं चालला, तिचा हा नमुना आहे. १६१६ च्या नियमावलीत ज्यूंना ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलू किंवा लिहू नका, कुणाला बाटवू नका, ख्रिस्ती स्त्रियांशी संबंध ठेवू नका, असं बजावलं गेलं. बहुतेक कारागीर संघांची दारं त्यांना बंद होती आणि शहराच्या कारभारात त्यांना जागा नव्हती. १६३९ मध्ये तीन वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि हाउटग्राख्त कालव्यावर त्यांचं एकच उघड सिनेगॉग उभं राहिलं. १६४२ मध्ये खुद्द राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिक इंग्लंडच्या राणीला घेऊन ते पाहायला आला. तीस वर्षांपूर्वी ज्या प्रार्थनेवर बंदी होती, ती आता शाही पाहुण्यांना दाखवायची गोष्ट झाली होती.

आता याच काळात त्याच शहरात कॅथलिक कुठं प्रार्थना करत होते ते पाहावं. १५७८ मध्ये ॲमस्टरडॅम प्रोटेस्टंटांच्या ताब्यात गेलं आणि कॅथलिकांची सगळी चर्च त्यांच्याकडून काढून घेतली गेली. त्यांना मनात हवं ते मानायची मुभा होती, पण त्यांचं देऊळ रस्त्यावरून दिसता कामा नये. १६६३ च्या सुमारास एका कॅथलिक व्यापाऱ्यानं आपल्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च वसवलं. ते आज संग्रहालय आहे आणि एस्नोगापासून चालत वीस मिनिटांवर आहे. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहण्याजोगी आहेत, कारण दोन्ही मिळून एक प्रश्न विचारतात. ज्या शहरात ख्रिस्ताला मानणाऱ्यांना अरुंद जिना चढून माळ्यावर लपावं लागलं, तिथं ख्रिस्ताला न मानणाऱ्यांना आसपासच्या छपरांच्या वर डोकं काढणारी इमारत कशी बांधू दिली? सहिष्णुता हेच उत्तर असेल तर ती अशी उलटी का चालली?

उत्तर भावनेत सापडत नाही, हिशेबात सापडतं. कॅथलिक संख्येनं मोठे होते, त्यांच्या मागे रोम होतं, स्पेन होता, आणि त्यांना मोकळीक दिली तर उद्या ते शहर परत मागतील ही भीती खरी होती. ज्यूंच्या मागे कुठलंच राज्य नव्हतं. १६७० च्या दशकात सुमारे दोन लाख वस्तीच्या शहरात पोर्तुगीज ज्यू अडीच हजारांच्या आसपास होते. ते सत्ता मागत नव्हते, मागूही शकत नव्हते. आणि ते जे आणत होते त्याची शहराला गरज होती. लिस्बन, ब्राझील, कॅरिबियन बेटं आणि गोव्यापर्यंत पसरलेली नात्यागोत्याची व्यापारी साखळी, साखर, तंबाखू, मसाले, हिरे. हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा कुठल्याही कारागीर संघाच्या मक्तेदारीत नव्हता, म्हणून त्यात ते शिरू शकले. हा हिशेब दोन्ही बाजूंना पक्का ठाऊक होता. उद्घाटनाच्या प्रसंगी रोमेन द होख या नामांकित चित्रकारानं सोहळ्याचं एक मोठं चित्र कोरून छापलं. त्यावर जे लॅटिन वचन घातलं आहे त्याचा आशय असा, की विवेकाच्या स्वातंत्र्यानं प्रजासत्ताकाची भरभराट होते. स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे असं त्यात म्हटलेलं नाही. ते फायद्याचं आहे असं म्हटलं आहे.

इथं एक सरळ आक्षेप येतो. हा सगळा तर्क कशाला, पैसा होता म्हणून बांधलं, संपलं. पैसा होता हे खरंच. जमिनीसकट बांधकामाला १,८६,००० गिल्डर लागले असं सांगतात आणि वर्गणीचा मोठा भाग मूठभर बड्या व्यापाऱ्यांकडून आला. पण पैशानं सगळा उलगडा होत नाही. ॲमस्टरडॅममध्ये श्रीमंत कॅथलिक व्यापाऱ्यांची काही वाण नव्हती, तरी त्यांचं चर्च माळ्यावरच राहिलं. आणि दुसरा पुरावा तर रस्त्याच्या पलीकडेच उभा आहे. जर्मनी आणि पोलंडमधल्या कत्तलींतून जीव वाचवून आलेले अश्केनाझी ज्यू बहुतांशी गरीब होते. फेरीवाले, खाटीक, हमाल. पोर्तुगीज ज्यू त्यांना आपल्या पंगतीला बसवत नसत. तरीही या लोकांनी कर्ज उभारून १६७१ मध्ये, म्हणजे एस्नोगाच्या चार वर्षं आधी, आपलं मोठं सिनेगॉग उघडपणे बांधलं. ते बांधणारा एलियास बाउमन हाच, ज्याच्याकडे लगेच पोर्तुगीजांचंही काम आलं. तेव्हा उंचीची परवानगी श्रीमंतीमुळे मिळाली नव्हती. ती ज्यू असल्यामुळे, म्हणजे राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी असल्यामुळे मिळाली होती. पैशानं फक्त किती उंच ते ठरवलं. आणि गरिबांनी आधी बांधलं ही गोष्ट श्रीमंतांना थोडीफार झोंबली असणार, असं मानायला हरकत नाही.

बांधायचं ठरलं ती वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. १६६५-६६ मध्ये तुर्की साम्राज्यातल्या शब्बताई झ्वी नावाच्या माणसानं आपण मसीहा असल्याचं जाहीर केलं आणि ॲमस्टरडॅमचे ज्यू अक्षरशः बेभान झाले. व्यापारी धंदे गुंडाळून जेरुसलेमला निघायच्या गोष्टी करू लागले. मुख्य रब्बी इझाक आबोआब द फोन्सेका हाही त्या नादाला लागलेल्यांतला. १६६६ मध्ये सुलतानापुढे उभं केल्यावर मसीहानं इस्लाम स्वीकारला आणि सगळा फुगा फुटला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६७० मध्ये, याच आबोआबनं नव्या सिनेगॉगसाठी आवाहन केलं आणि वर्गणी भराभर जमली. ॲमस्टरडॅमची जमीन म्हणजे चिखल. तिथं कुठलीही जड इमारत जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर तोलावी लागते. एस्नोगाखाली असे सुमारे ३,००० खुंट आहेत, आणि तळाच्या कमानींची तपासणी आजही पाण्यातून होडी घालून करता येते. जेरुसलेमला जायला निघालेल्या लोकांनी चार वर्षांत एवढे खुंट का ठोकले, याचं लेखी कारण कुणी दिलेलं नाही. पण आपण इथंच राहणार आहोत, हे ठरल्याशिवाय कुणी असा पाया घालत नाही. १७ एप्रिल १६७१ ला पायाभरणी झाली. त्यातला एक दगड बसवण्याचा मान मोझेस कुरिएल याला मिळाला. हा गृहस्थ पोर्तुगालच्या राजाचा ॲमस्टरडॅममधला अधिकृत प्रतिनिधी होता. ज्या राज्यात यहुदी म्हणून पाऊल ठेवलं असतं तर त्याला जाळलं असतं, त्याच राज्याचा कारभार तो इथून पाहत होता.

१६७२ मध्ये फ्रेंच सैन्य घुसलं, डच इतिहासातलं ते आपत्तीचं वर्ष, आणि काम ठप्प झालं. दारावर एक हिब्रू वचन कोरलेलं आहे. तुझ्या कृपेनं मी तुझ्या घरी येतो, अशा अर्थाचं. त्यातल्या काही अक्षरांवर खुणा केल्या आहेत. त्या अक्षरांचं हिब्रू पद्धतीनं मूल्य काढलं की १६७२ हे वर्ष निघतं आणि त्याच शब्दांत आबोआबचं नावही गुंफलेलं सापडतं. म्हणजे दारावर इमारत पूर्ण व्हायला हवी होती ते वर्ष आहे, पूर्ण झाली ते नाही. पुढच्या तीन वर्षांच्या विलंबानंतरही कुणी ते बदललं नाही. मुद्दाम थांबून पाहावं असं ते दार आहे.

बाहेरच्या रूपाबद्दल दुसरा आक्षेप येतो. विटांची भिंत, गोल कमानीच्या उंच खिडक्या, छपराला झाकणारा दगडी कठडा, हे सगळं त्या काळच्या डच पद्धतीचंच आहे. वास्तुकार डच, गवंडी डच, मग यात ज्यूंच्या मनातलं काय शोधायचं? आक्षेपात तथ्य आहे. सिनेगॉग जिथं जातं तिथले कपडे घालतं. पुण्यातलं १८६७ चं ओहेल डेव्हिड, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, दुरून इंग्रजी गॉथिक चर्चच वाटतं, कारण ते एका ब्रिटिश अभियंत्यानं आखलेलं आहे. पण कपडे स्थानिक असले तरी ते कसे घालायचे हे घालणारा ठरवतो. एस्नोगाच्या भिंतींना असलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या वक्र आधारांचा संबंध अनेक अभ्यासक याकोब येहुदा लिओन या रब्बीशी जोडतात. या माणसानं जेरुसलेममधल्या सॉलोमनच्या मंदिराची लाकडी प्रतिकृती बनवली होती. ती पाहायला एवढी गर्दी होई की लोक त्याला ‘टेम्प्लो’ म्हणू लागले. प्रतिकृतीत मंदिराच्या चौथऱ्याला असेच वक्र आधार होते. जेरुसलेमचा नाद सोडलेल्या लोकांनी त्याची आठवण अशी विटांत बसवून घेतली असेल, तर ती रस्त्यावरच्या डच माणसाला ओळखू येण्याजोगी नव्हती. बांधकामाचा आराखडा आणखी बोलका आहे. मुख्य इमारतीभोवती बैठ्या खोल्यांची चौकट आहे. तिच्यात कचेरी, रब्बींची बैठक, सेवकांची घरं, हिवाळी सिनेगॉग आणि एट्झ हाइम हे ग्रंथालय. रस्त्यावरून सरळ आत जाता येत नाही. आधी दिंडीतून वाड्याच्या चौकात यावं तसं अंगणात यावं लागतं. इमारत दिसावी सगळ्यांना, पण तिथं पोचावं आपल्या परवानगीनं. कॅथलिकांच्या माळ्याचं तत्त्व इथंही थोडंसं आहेच, फक्त ते उभं न घालता आडवं घातलं आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा पायांना कळतं. लाकडी फरशीवर बारीक वाळू पसरलेली आहे. जोड्यांची माती आणि ओल शोषली जावी, पावलांचा आवाज दबावा, ही जुनी डच घरगुती रीत. इतर घरांतून ती कधीच गेली, इथं उरली. मग नजर वर जाते. सुमारे ३८ मीटर लांब, २६ मीटर रुंद आणि १९ मीटरहून उंच असा एकच एक दिवाणखाना. चार प्रचंड आयोनिक खांबांवर तीन लांबलचक लाकडी कमानी छतं पेललेली आहेत आणि स्त्रियांच्या सज्जाखाली बारा लहान खांब आहेत. ते इस्रायलच्या बारा वंशांचे म्हणून सांगितले जातात. खिडक्या ७२. वीज नाही. सभागृहात आजवर विजेच्या तारा ओढलेल्या नाहीत. पितळी झुंबरांत आणि बाकांवरच्या दांड्यांवर मिळून हजार मेणबत्त्या लागतात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या एकेक करून पेटवाव्या लागतात. खिडक्या इतक्या का, हे ढगाळ दिवशीही लगेच समजतं. रंगीत चित्रांच्या काचा नाहीत. काचा साध्या आहेत, उजेड सरळ आत येऊन वाळूवर पडतो. ज्यांच्या पूर्वजांनी पडदे ओढून शुक्रवारचा दिवा लावला, त्यांनी ७२ खिडक्यांची खोली बांधली. याला केवळ डच फॅशन म्हणणं मला जमत नाही.

बाकांची मांडणी चर्चसारखी नाही. जेरुसलेमच्या दिशेच्या आग्नेय कोपऱ्यात हेखाल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं भव्य कपाट. विरुद्ध टोकाला, दाराजवळ, तेबा हा वाचनाचा चौथरा. आणि मधे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसणारी माणसं. सगळे एका वेदीकडे तोंड करून बसत नाहीत, एकमेकांकडे बघत बसतात, आणि वाचणाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या मधून जातो. बाहेर डच पोशाख आणि आत सेफार्डी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंचा, रिवाज, ही वाटणी इथं स्पष्ट दिसते. हेखाल ब्राझीलच्या जॅकरांडा लाकडाचं आहे, गडद, जवळजवळ काळं. ते लाकूड कुरिएलनंच दिलं. सौंदर्य वादातीत, पण ते लाकूड कुठल्या वाटेनं आलं हेही पाहायला हवं. ब्राझीलचा किनारा हा गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरेचा प्रदेश होता. आबोआब स्वतः १६४२ पासून १६५४ पर्यंत, पोर्तुगीजांनी तो परत जिंकेपर्यंत, डचांच्या ताब्यातल्या रेसिफेत रब्बी होता. या मंडळीतल्या अनेकांचा पैसा साखरेत, काहींचा सुरिनामच्या मळ्यांत गुंतलेला होता. स्वतः छळातून सुटलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या गुलामगिरीवर पैसा केला, ही गोष्ट इमारत पाहताना विसरून चालणार नाही. ॲमस्टरडॅमशी झालेल्या व्यवहारात हेही धरलेलं होतं.

त्या व्यवहाराची आणखी एक किंमत होती आणि ती घरातच वसूल झाली. शहराला ज्यू व्यक्तीशी देणंघेणं नव्हतं, ‘राष्ट्रा’शी होतं. गरिबांना पोसा, भांडणं मिटवा, धर्मनिंदा होऊ देऊ नका, आणि हे सगळं तुमचं तुम्ही बघा. म्हणून ‘महामद’ या पंचमंडळाच्या हाती वाळीत टाकण्याचा अधिकार आला आणि तो सढळपणे वापरला गेला. आत्म्याच्या अमरत्वावर शंका घेणाऱ्या उरिएल द कोस्ताला, त्याच्याच आत्मकथनानुसार, भर सिनेगॉगमध्ये चाबकाचे ३९ फटके मारले आणि उंबऱ्यावर आडवं पाडून लोक त्याच्या अंगावरून गेले. १६४० मध्ये त्यानं आत्महत्या केली. २७ जुलै १६५६ रोजी पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेल्या, तेव्हा तेवीस वर्षांच्या बारुख स्पिनोझाला वाळीत टाकलं. अनेक पर्यटक एस्नोगात येऊन स्पिनोझाला इथूनच हाकललं असं समजतात. ते घडलं आधीच्या, हाउटग्राख्तवरच्या सिनेगॉगमध्ये. एस्नोगा झालं तेव्हा स्पिनोझा हेगमध्ये भिंगं घासत होता. पण दोन्ही गोष्टींचा पाया एकच आहे. शहरानं परकी माणसं स्वीकारली ती त्यांच्या पुढाऱ्यांच्या जामिनावर, आणि जामीन राहणारा नेहमीच घरातल्या वाचाळ पोराला आधी गप्प करतो. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये विद्वानांना बोलावून या बहिष्काराचा फेरविचार झाला. बहिष्कार उठला नाही.

तरीही या सगळ्याला निव्वळ हिशेब म्हणणं कोतेपणाचं आहे, असा तिसरा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप घेता येईल. कारण काहीही असो, युरोपात इतरत्र ज्यू जळत होते तेव्हा इथं ते छापत होते, शिकत होते, उंच बांधत होते. हे मान्यच करायला हवं. उलट मी तर म्हणेन की हिशेबाची मुभा ही दयेच्या मुभेपेक्षा टिकाऊ ठरली. दया राजाबरोबर मरते. नफ्याचं गणित मात्र नगरपरिषदा बदलल्या तरी चालू राहतं. एट्झ हाइम हे १६१६ चं ग्रंथालय आजही चालू आहे आणि जगातलं सर्वांत जुनं चालू ज्यू ग्रंथालय म्हणून युनेस्कोच्या स्मृतिनोंदीत आहे. इथल्या नमुन्यावर १७०१ मध्ये लंडनचं बेव्हिस मार्क्स सिनेगॉग उभं राहिलं. क्युरासाओ बेटावरच्या १७३२ च्या सिनेगॉगमध्ये तर वाळूसुद्धा पसरलेली आहे. १६८६ मध्ये ॲमस्टरडॅमहून निघालेली एक मंडळी थेट कोचीला पोचली आणि तिथल्या ज्यूंबद्दलचा अहवाल पुढच्याच वर्षी पोर्तुगीजमध्ये छापला गेला. एवढी आत्मविश्वासानं पसरलेली जमात भीतीखाली जगत नव्हती. पण हिशेबाला मर्यादा असतात. १७९६ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या लाटेत नव्या बाटाव्हियन प्रजासत्ताकानं ज्यूंना बरोबरीचं नागरिकत्व दिलं, तेव्हा त्याला ॲमस्टरडॅमच्या ज्यू पुढाऱ्यांपैकी अनेकांनीच विरोध केला. व्यक्ती थेट राज्याची नागरिक झाली की पंचांचा अधिकार जातो, हे त्यांना बरोबर कळलं होतं. जुना करार त्यांना इतका मानवला होता की हक्क नकोसे वाटले.

मग १९४० आलं आणि देश जर्मनांच्या ताब्यात गेला. ज्या चौकात आपण उतरलो त्याचं नाव लोडेविक व्हिसर यांच्यावरून पडलं आहे. ते डच सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आणि ज्यू. जर्मनांनी त्यांना दूर केलं तेव्हा त्यांच्या न्यायालयानं उघड निषेध केला नाही. सिनेगॉगच्या शेजारच्या योनास डॅनियल मेयरप्लेन या चौकात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी चारशेहून अधिक ज्यू पुरुषांना गोळा करून नेण्यात आलं. त्यावर ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी संप पुकारला. त्या संपाचं स्मारक, मारी आंद्रिसेन यांनी घडवलेला बाह्या सरसावलेला गोदी कामगार, आज त्याच चौकात उभा आहे. संप दोन दिवसांत मोडला गेला. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे क्वचितच आढळेल. त्याचं एक कारण नागरिकांची चोख सरकारी नोंद, ज्यावर कुणाचा धर्म काय ते लिहिलेलं होतं. पोर्तुगीज ज्यूंनी आपण वंशानं वेगळे आहोत असं दाखवून सुटका मिळवायचा प्रयत्न केला, काही काळ तो चालला, आणि १९४४ च्या सुरुवातीला तेही हद्दपार केले गेले. चार हजारांहून अधिक लोकांच्या या जमातीतले हजारही उरले नाहीत.

इमारत मात्र उरली. हद्दपारीसाठी माणसं डांबायला ती वापरायचा विचार जर्मनांनी केला होता, पण त्यासाठी शेवटी एक नाट्यगृह घेतलं गेलं. एट्झ हाइमची पुस्तकं जर्मनीला गेली आणि परत आली. पलीकडची अश्केनाझी सिनेगॉग लुटली गेली. थंडीत सरपणासाठी त्यांचं लाकूडही लोकांनी नेलं, आणि आज त्यांच्या भिंतींत ज्यू संग्रहालय आहे. ९ मे १९४५ रोजी एस्नोगात पुन्हा प्रार्थना झाली. काच फुटलेली नाही, बाक जागच्या जागी, वाळू ताजी, असं हे सभागृह पाहणाऱ्याच्या मनात एक गैरसमज सहज रुजतो. इथं काही तुटलंच नाही, १६७५ पासून सगळं अखंड चालत आलं आहे, असा. पुरुषांसाठीच बाराशेहून जास्त जागा असलेल्या सभागृहात शनिवारी किती माणसं बसतात, एवढ्या एका प्रश्नावर तो समज टिकत नाही. अखंड राहिली आहे ती वास्तू. म्हणूनच आत शिरण्याआधी संग्रहालय पाहावं असं मी सुचवेन. नेहमीचा क्रम उलटा असतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. एकाच तिकिटात एस्नोगा आणि ज्यू संग्रहालय पाहता येतं. पुरुषांना डोक्यावर टोपी घालावी लागते, ती दाराशी मिळते. हिवाळ्यात सभागृह गोठवणारं असतं; तापवायची सोय नाही. म्हणून त्या महिन्यांत प्रार्थना अंगणाकडेच्या छोट्या सिनेगॉगमध्ये होते, जिथले बाक आणि हेखाल १६३९ च्या जुन्या इमारतीतून आणलेले आहेत. स्पिनोझा लहानपणी कुठल्या बाकांमध्ये बसला असेल हे पाहायचं तर तिथं पाहावं. राइक्सम्युझियममध्ये इमान्युएल द विट याचं १६८० चं एस्नोगाच्या आतलं चित्र आहे. त्यात पुढ्यात पाठमोरे उभे असलेले ख्रिस्ती पाहुणे आहेत आणि कुत्रंही आहे. उद्घाटनानंतर पाच वर्षांतच ही जागा प्रेक्षणीय झाली होती, हे त्यावरून कळतं. आज छपराचा आणि खुंटांचा खर्च बऱ्याच अंशी अशा पाहुण्यांमुळेच निघतो. प्रार्थनेत डच राजघराण्यासाठी म्हणायचा भाग अजून पोर्तुगीजमध्ये म्हटला जातो. तो ऐकायचा तर प्रार्थनेला आलेला माणूस म्हणून आधी कळवून जावं लागतं, कारण शनिवारी तिकीटखिडकी बंद असते.